धरणाला धरणाचं उत्तर?

२०२५ च्या जुलैमध्ये चीनचे पंतप्रधान ली छ्यांग तिबेटमधल्या न्यिंगचीला गेले आणि यारलुंग त्सांगपो नदीवरच्या महाप्रकल्पाचं काम सुरू झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. हीच नदी अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. त्याच महिन्यात अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी या प्रकल्पाला ‘जलबॉम्ब’ म्हटलं, आणि तेव्हापासून आपल्याकडचा वाद त्या बॉम्बच्या आवाजात हरवला आहे. चीन धरण बांधतोय ना, मग आपणही सियांगवर बांधायचं. जो विरोध करेल त्याला चीनचा पैसा मिळत असणार. दुसऱ्या बाजूला, धरण म्हटलं की ते वाईटच, पुढे बोलायची गरज नाही, असं मानणारे आहेत. दोघांचाही आवाज मोठा आणि हिशेब कच्चा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सियांगवर ११ हजार मेगावॉटचं धरण बांधावं की नाही, हा प्रामाणिक वादाचा विषय होऊ शकतो. पण ‘चीनच्या धरणाला उत्तर’ हे त्या धरणाच्या बाजूचं सर्वांत कमकुवत कारण आहे, आणि नेमकं तेच सर्वांत पुढे केलं जातंय, कारण त्यापुढे प्रश्न विचारणं अवघड होतं.

प्रकल्प किती मोठा आहे ते आधी पाहू. कैलास–मानसरोवराच्या परिसरात उगम पावून ही नदी तिबेटच्या पठारावरून दीड हजार किलोमीटरहून अधिक पूर्वेकडे वाहत येते. ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा शिखराला वळसा घालून ती एकदम दक्षिणेकडे वळते आणि त्या वळणात साधारण ५० किलोमीटरच्या अंतरात सुमारे २ हजार मीटर खाली उतरते. एवढं पाणी आणि एवढा उतार एकाच जागी असण्याचं दुसरं उदाहरण पृथ्वीवर सापडणं कठीण. चीनची योजना अशी, की डोंगरातून बोगदे काढून नदीचं वळण ‘सरळ’ करायचं आणि एकाखाली एक अशी पाच वीजकेंद्रं उभारायची. क्षमता सुमारे ६० हजार मेगावॉट, वर्षाला ३० हजार कोटी युनिट वीज, खर्च १ लाख २० हजार कोटी युआन. यांगत्सेवरचं थ्री गॉर्जेस २२,५०० मेगावॉटचं आहे, आणि तेच आजही जगातलं सर्वांत मोठं आहे.

हे आकडे ऐकून घाबरायला होतं, ते साहजिक आहे. पण घाबरायचं नेमकं कशाला? ‘चीन पाणी अडवेल’ आणि ‘चीन पाणी सोडेल’ या दोन वेगळ्या भीती आहेत, आणि आपल्या चर्चेत त्या एकाच वाक्यात येतात.

पहिली भीती घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये सिंधू करार आपण स्थगित केल्यावर पाकिस्तानातून ‘चीनने ब्रह्मपुत्रा अडवली तर?’ अशी धमकीवजा विचारणा सुरू झाली. तेव्हा, जूनमध्ये, आसामचे मुख्यमंत्री हिमंत विश्व शर्मा यांनी जाहीरपणे उत्तर दिलं: ब्रह्मपुत्रा भारतात आल्यावर वाढणारी, पावसावर पोसलेली नदी आहे, तिच्यात चीनचा वाटा ३० ते ३५ टक्केच. सीमेजवळ तूतिंगला प्रवाह सेकंदाला २ ते ३ हजार घनमीटर असतो, तो पावसाळ्यात गुवाहाटीला १५ ते २० हजारांवर जातो. भूगोल म्हणून हे बरोबरच आहे. तिबेटचं पठार हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतं; आणि सियांग मैदानात उतरते त्या पासीघाटला वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण गंमत बघा. पाकिस्तान घाबरवतो तेव्हा ही नदी आपली, पावसाची. आणि महिन्याभरात शेजारच्याच राज्यात, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांना धरण हवं असतं तेव्हा तीच नदी चीनच्या मुठीतली. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. पण सोयीप्रमाणे एक खिशात आणि एक हातात ठेवलं, की त्याला धोरण म्हणता येत नाही.

आता समोरच्यांची बाजू, आणि ती पोकळ मुळीच नाही. वार्षिक सरासरी हा आकडा फसवा असतो. पावसाळ्यात तिबेटचं पाणी पुराच्या गर्दीत गडप होतं. पण डिसेंबर ते मार्चमध्ये, पाऊस नसताना, वरून येणाऱ्या पाण्याचं महत्त्व कितीतरी वाढतं. रॉयटर्सने ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी विश्लेषणाच्या आधारे बातमी दिली. चीन वर्षाला ४० अब्ज घनमीटरपर्यंत पाणी वळवू शकेल, म्हणजे सीमेवर येणाऱ्या पाण्याच्या एक तृतीयांशाहून थोडं अधिक, आणि तसं झालं तर गुवाहाटीचं पाणी २५ टक्क्यांनी घटेल. मात्र सियांगवर १४ अब्ज घनमीटर साठवणीचं धरण असेल तर ही घट ११ टक्क्यांवर येईल, असा त्यातला हिशेब. दुसरं, चीनचा इतिहास लपवाछपवीचा आहे. १९७५ मध्ये हनान प्रांतातलं बानछ्याव धरण फुटून हजारो माणसं मेली आणि त्याची पुरती कहाणी जगाला कळायला कित्येक वर्षं गेली. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता त्या पावसाळ्यात आपल्याला ब्रह्मपुत्रेची पूर-आकडेवारी मिळाली नाही. २००२ पासून चालत आलेला माहिती देण्याघेण्याचा करार २०२३ मध्ये संपला. आणि तिसरं, वीजकेंद्रं मागणीप्रमाणे सुरू-बंद केली की खालच्या नदीत दिवसभरात पाणी चढतं-उतरतं. मासे, वाळूचे पट्टे आणि नदीकाठी उतरणारी माणसं या सगळ्यांना ते घातक. खाली एखादा जलाशय असेल तर हे चढउतार तो खरोखरच पोटात घेऊ शकतो. असा शेजारी वर बसलेला असताना हात बांधून कसं बसायचं, हा प्रश्न विचारणाऱ्याला देशप्रेमाचा झटका आलाय असं म्हणणं अन्यायाचं आहे.

तरीही हा युक्तिवाद टिकत नाही, कारण पाणी वळवण्याची ती कल्पनाच या प्रकल्पाच्या मुळावर येते. वीज साठवलेल्या पाण्यावर तयार होत नाही, खाली पडणाऱ्या पाण्यावर होते. ६० हजार मेगावॉटसाठी चीनला ते पाणी बोगद्यांतून खाली सोडावंच लागेल, आणि वळणाच्या खालच्या टोकाला ते पुन्हा नदीतच येईल, सीमेच्या वर. तेच पाणी उत्तर चीनच्या कोरड्या प्रदेशात न्यायचं तर ते या महाकाय उताराच्या आधीच उचलून पर्वतरांगांपलीकडे पाठवावं लागेल, आणि मग १ लाख २० हजार कोटी युआन घातलेली यंत्रं फिरवायची कशावर? एकाच पाण्याने वीज आणि वळवणूक दोन्ही पूर्णपणे साधत नाहीत. उलट कोरड्या दिवसांत वीज हवी असेल तर चीन त्या दिवसांत पाणी अडवण्याऐवजी थोडं जास्तच सोडेल. अर्थात हे सगळं प्रकल्पाचं जाहीर झालेलं रूप खरं मानून. साठवणीचा आणि परिचालनाचा पूर्ण तपशील चीनने खुला केलेला नाही, आणि तो मागत राहणं हे आपलं काम आहे. पण वाईटात वाईट शक्यता धरून १४ अब्ज घनमीटरचं धरण बांधायचं असेल, तर त्या शक्यतेची किंमत आणि संभाव्यता मांडून दाखवायला नको?

१४ अब्ज घनमीटर म्हणजे किती, ते आपल्या मापात सांगतो. सुमारे ४९५ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे जवळजवळ पावणेपाच कोयना. आणि इथंच दुसऱ्या भीतीचा, पाणी सोडण्याचा, प्रश्न येतो. चीनने मुद्दाम किंवा अपघाताने पाण्याचा लोंढा सोडला तर आपलं धरण तो झेलेल, असं सांगितलं जातं. झेलायचं तर धरण रिकामं हवं. कोरड्या दिवसांत आसामला पाणी पुरवायचं तर धरण भरलेलं हवं. ११ हजार मेगावॉट वीज जास्तीत जास्त दिवस काढायची तर पाण्याची उंची हवी, म्हणजे पुन्हा भरलेलंच. रॉयटर्सच्या त्याच बातमीत ३० टक्के जागा कायम रिकामी ठेवण्याचा विचार सुरू असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे दीडशे टीएमसीच्या आसपास, जवळजवळ दीड कोयना, बारा महिने रिकामी. कागदावर हे जमतं, आणि तेवढी जागा खरोखर रिकामी राहिली तर मोठा लोंढाही त्यात मावू शकेल, हे मान्य करायला हवं. प्रश्न इतकाच, की राहील का?

याचं उत्तर शोधायला सियांगपर्यंत जायला नको, सांगलीपर्यंत गेलं तरी पुरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात जे झालं ते अजून कोणी विसरलेलं नाही. पावसाळ्याचे दोन महिने हाताशी असताना कोयना जवळपास भरत आलेली होती. का? कारण पुढच्या पावसाची खात्री नसते; सिंचन, वीज आणि पिण्याचं पाणी या तिन्ही खात्यांना धरण भरलेलं बघायचं असतं, आणि रिकाम्या धरणाबद्दल जाब विचारला जातो तसा भरलेल्याबद्दल कोणी विचारत नाही. मग घाटमाथ्यावर मुसळधार सुरू झाली, दरवाजे उचलावे लागले, आणि खाली आधीच फुगलेल्या नदीत तो विसर्ग आला. सुरतेत २००६ च्या ऑगस्टमध्ये याहून वाईट झालं होतं. उकाई धरणाच्या उद्दिष्टांमध्ये पूरनियंत्रण लिहिलेलं आहे. तरी वेळ आली तेव्हा उकाईतून सोडलेल्या पाण्यात सुरतचा बहुतेक भाग बुडाला. हे वाईट माणसांनी केलं असं मी म्हणत नाही. बहुउद्देशीय धरणात शेवटी ज्या उद्देशातून महसूल येतो तो बाकीच्यांना मागे सारतो, हा आपला सत्तर वर्षांचा अनुभव आहे. वीज विकून कर्ज फेडायचं असलेल्या कंपनीला दीड कोयना रिकामी ठेवायला कोण लावणार, कोणत्या कायद्याने, आणि त्या न झालेल्या विजेची भरपाई कोण देणार? या तीन प्रश्नांची उत्तरं प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून मी तरी ऐकलेली नाहीत.

सांगलीचीच आणखी एक गोष्ट इथं लागू पडते. दर महापुरात आपल्याकडे अलमट्टीच्या नावाने शंख होतो. कर्नाटकाने धरण बांधलं, फुगवटा मागे आला, सांगली बुडाली. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्याच सरकारने समिती नेमली, आणि त्या महापुराचं खापर अलमट्टीवर फोडता येत नाही असा निष्कर्ष तिने काढला. निष्कर्षाशी असहमत असलेले अभ्यासकही आहेत आणि उंची वाढवण्याला असलेला विरोध अजून चालू आहे. तो वाद इथं सोडवायचा नाही. पण त्यानंतर ज्याने फरक पडला ते काय होतं? दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकमेकांना कोयनेतला विसर्ग आणि अलमट्टीतला विसर्ग वेळच्या वेळी कळवणं. अलमट्टीला उत्तर म्हणून आपण कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याच्या वर आणखी एक धरण बांधायला घेतलं नाही, आणि कोणी तसं सुचवलं असतं तर सांगलीकरांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

‘जलबॉम्ब’वाल्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. या खोऱ्यातले आजवरचे मोठे लोंढे कोणी सोडले? निसर्गाने. एप्रिल २००० मध्ये तिबेटातल्या यिगाँग नदीत अख्खा डोंगरउतार कोसळला, नदी अडली, तळं तयार झालं आणि जूनमध्ये ते फुटलं. सियांगच्या काठची गावं, पूल, शेतं वाहून गेली, भारतात माणसं मेली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नामचा बरवाच्या पायथ्याशी हिमनदीचा मलबा येऊन त्सांगपो दोनदा अडली. सियांगचं पाणी आधी उतरलं, मग चढलं. त्या वेळी, डोकलामच्या दुसऱ्याच वर्षी, चीनने माहिती दिली होती हेही नोंदवायला हवं. आणि १५ ऑगस्ट १९५०. सारा देश स्वातंत्र्यदिन साजरा करत होता, त्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक. डोंगर खचले, सुबनसिरीसारख्या नद्या अडल्या आणि काही दिवसांनी फुटल्या, ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने वर उचललं गेलं. दिब्रुगढची पूररेषा तेव्हापासून बदलली ती बदललीच, आणि जुनं सदिया गाव नदीने पुढे गिळून टाकलं. याच पट्ट्यात चीन पाच केंद्रं बांधतोय, हा खरा धोका आहे, आणि त्यावर जगभरात ओरड व्हायला हवी. पण मग त्याच पट्ट्यात, त्याच नदीवर, काही शे किलोमीटर खाली आपण पावणेपाच कोयना साठवल्या की धोका कमी होतो, हे कुठलं गणित?

वरून लोंढा आला तर धरण काय करतं, हे आपण ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममध्ये पाहिलं. दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटलं, आणि चुंगथांगचं तीस्ता-३ प्रकल्पाचं ६० मीटर उंच धरण मिनिटांत वाहून गेलं. धरणाने लोंढा अडवला नाही. धरणातलं पाणी त्या लोंढ्यात भर घालून खाली गेलं. ते धरण वेगळ्या प्रकारचं होतं, साठवणही लहान होती, सियांगचं त्याहून फार भक्कम असेल, हे सगळं मान्य. पण आपण बांधू ते भक्कमच असेल हा विश्वास चुंगथांगच्या अभियंत्यांनाही होताच. पुण्यात पानशेतचं नाव काढलं की आजही जुनी माणसं १२ जुलै १९६१ ची सकाळ सांगू लागतात. आणि कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप होऊन पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, तोवर सह्याद्रीचा तो भाग स्थिर समजला जात होता. जलाशयाच्या भाराने आणि खडकांत शिरलेल्या पाण्याने भूकंप घडू शकतो याचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण झालं. सियांगचं खोरं तर कोणी स्थिर समजतच नाही.

मग कायद्याचा मुद्दा पुढे येतो. खालच्या देशाने पाण्याचा वापर आधी सुरू केला तर त्याचा हक्क प्रस्थापित होतो, म्हणून घाई करायला हवी, असं म्हणतात. ऐकायला चोख आहे. पण हा हक्क सांगायचा कुणापुढे? आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांबद्दलचा करार १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदानाला आला, तेव्हा विरोधात मत देणारे तीनच देश होते: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. भारत? तटस्थ. आजही आपण त्या करारात नाही. म्हणजे चीन करार मानत नाही ही तक्रार खरी असली, तरी आपण तो मानतो असंही नाही. आणि ‘आधीचा वापर’च दाखवायचा तर तो काय धरणानेच होतो? ब्रह्मपुत्रेच्या काठी शतकानुशतकं भात पिकतो, मासेमारी चालते, माजुलीचं नदीबेट आहे, काझीरंगा दरवर्षीच्या पुरावर जगतं, १९८८ पासून सदिया ते धुबरी हा ८९१ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग आहे. या वापरांची रीतसर मोजणी करून नोंद ठेवायला काँक्रीट लागत नाही. शिवाय फराक्का बराज १९७५ मध्ये सुरू करून वरच्या काठावरचा देश कसा वागतो ते आपण बांगलादेशाला दाखवलं, तीस्तेचा करार २०११ पासून लटकला आहे, आणि सिंधू करार आपण गुंडाळून बाजूला ठेवला आहे. यातल्या प्रत्येक निर्णयाचं समर्थन करता येईल, पण बीजिंगसमोर बसून खालच्या काठाचे हक्क मांडताना हे सगळं टेबलावर येणारच.

आता ज्यांच्या जमिनीवर हे उत्तर उभं राहायचं आहे त्यांच्याकडे वळू. सियांगच्या दोन्ही काठांवर आदी लोक राहतात. नदीला ते ‘आने सियांग’, सियांग आई, म्हणतात. गावाचे निर्णय केबांगमध्ये, म्हणजे त्यांच्या ग्रामसभेत होतात. काठावरची भाताची खाचरं आणि संत्र्याच्या बागा त्यांच्या आहेत. धरणाच्या नुसत्या पूर्वसर्वेक्षणासाठी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय सशस्त्र दलं पाठवायचं ठरलं, आणि मे २०२५ मध्ये सियांगकाठच्या बेगिंग गावात लोक रस्त्यावर आले. काही गावांनी सर्वेक्षणाला संमतीही दिली आहे, म्हणजे सगळे आदी एका सुरात बोलतात असं नाही. पण जिथं मोजमापाची यंत्रंही बंदुकांच्या पहाऱ्यात न्यावी लागतात तिथली संमती किती खरी? ‘राष्ट्राची सुरक्षा’ असं म्हटल्यावर शेतकऱ्याने भरपाईचा दर विचारला तरी तो देशद्रोही ठरतो, हे या युक्तिवादाचं मला सर्वांत जास्त खटकणारं अंग आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्यापुढे कोणता युक्तिवाद ठेवला गेला होता? मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज, कोळशाची बचत, देशी उद्योगाची भरभराट. स्वदेशीच्या त्या काळात टाटांच्या धरणाला विरोध करणं म्हणजे देशाच्या प्रगतीला विरोध. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्यांकडून जमीन गेलीच. कोयनेच्या वेळी स्वतंत्र देशाच्या उभारणीची हाक होती, आणि लोकांनी ती मनापासून मानली. पोटापुरती सोय होईल या शब्दावर गावं उठली. पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला तो १९७६ मध्ये, कोयना धरण पूर्ण होऊन बारा वर्षं उलटल्यावर. कोयनेचे धरणग्रस्त त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या मोर्चे काढत राहिले. नर्मदेकाठच्या मणिबेलीला सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळणार असं सांगितलं गेलं. वाटा राज्याला आणि बुडित क्षेत्र मणिबेलीला. दर वेळी हाक खरी होती, काम मोठं होतं, आणि बिल तळातल्या माणसाच्या नावाने फाडलं गेलं.

अरुणाचलला तर याची आणखी कडवट आठवण आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई हे जलविद्युत धरण १९६२ मध्ये पूर्ण झालं. चितगाव डोंगराळ भागातली सुमारे ४० टक्के शेतजमीन पाण्याखाली गेली आणि लाखभर लोक उठले, त्यांतले बहुसंख्य चकमा. त्यांच्यापैकी हजारो जण १९६४ पासून भारतात आले आणि आजच्या अरुणाचलात त्यांना वसवण्यात आलं. साठ वर्षं झाली, त्यांच्या नागरिकत्वाचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यावरून अरुणाचलच्या राजकारणात आजही ठिणग्या उडतात. एका धरणाने उठवलेली माणसं ज्या राज्यात तीन पिढ्या उपरी ठरली, त्या राज्यातल्या लोकांना ‘तुमचं नीट पुनर्वसन करू’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल?

धरणविरोधकांनीही एक सोंग टाकून द्यायला हवं. जलविद्युत ही फसवणूक आहे, तिची गरजच नाही, हे खरं नाही. सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावर ग्रिड सांभाळायला पाण्याची वीज फार उपयोगी पडते. महाराष्ट्राची संध्याकाळची वाढती मागणी पेलायला आजही १,९६० मेगावॉटची कोयना मदत करते आणि आपण सगळे ती वापरतो. अरुणाचलला प्रकल्पातून १२ टक्के वीज फुकट मिळते, आणि उत्पन्नाची साधनं कमी असलेल्या राज्याला तिचा मोह होणं गैर नाही. तेव्हा सियांगचं धरण विजेसाठी आणि महसुलासाठी हवं असेल तर तसं सरळ म्हणावं. मग त्याची तुलना इतर पर्यायांशी होऊ शकेल: पडणारा दर, लागणारी वर्षं, गाळ, भूकंप, विस्थापन. लोअर सुबनसिरीचं, म्हणजे फक्त २ हजार मेगावॉटचं, काम २००५ मध्ये सुरू झालं. आठ वर्षं ते आंदोलनामुळे बंद होतं आणि वीस वर्षांनीही त्याची सगळी यंत्रं फिरत नव्हती. ११ हजार मेगावॉटच्या ‘तातडीच्या’ संरक्षणाला किती वर्षं लागतील? चीनची केंद्रं तोवर केव्हाच चालू झालेली असतील. ज्या ढालीला वीस वर्षं लागणार आहेत तिच्या नावावर आज सशस्त्र दलं पाठवण्याचं कारण काय?

जे खरोखर लवकर होऊ शकतं त्यावर मात्र कोणी चॅनेलवर ओरडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा आणीबाणीच्या प्रसंगी मानवतेच्या भूमिकेतून माहिती देण्याचं चीनने मान्य केलं. ते तोकडं आहे. संपलेला करार पुन्हा करणं, तो फक्त पावसाळ्यापुरता न ठेवता बारमाही करणं, आणि आधीच्या नुग्षा, यांगत्सुन आणि नुश्या या तीन मापनकेंद्रांखाली, म्हणजे वळणाच्या खालीही मोजमाप मागणं, ही पुढची मागणी हवी. चीन नाही म्हणाला तरी उपग्रहातून दरडी आणि तळी दिसतात. २०१८ मध्ये ती दिसलीच होती. तूतिंग ते पासीघाटपर्यंत स्वयंचलित मापनकेंद्रं आणि गावोगावी भोंगे यांना धरणाच्या खर्चाचा अगदी क्षुल्लक हिस्सा लागेल, आणि लोंढा धरणाचा असो, दरडीचा असो की हिमसरोवराचा, ते तिन्हींसाठी सारखेच उपयोगी.

आणि चीनकडे पारदर्शकता मागण्याआधी एक काम दिल्लीतच होण्यासारखं आहे. पूरकाळात केंद्रीय जल आयोग पाण्याची पातळी प्रसिद्ध करतो, पण ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या प्रवाहाची सलग आकडेवारी आपल्याकडे गोपनीय वर्गात ठेवलेली आहे. सियांगमध्ये कोरड्या दिवसांत नेमकं किती पाणी तिबेटातून येतं, गेल्या चाळीस वर्षांत ते कमी झालं की वाढलं, हे आसामच्या विद्यापीठातल्या संशोधकालाही सहज पाहता येत नाही. गुवाहाटीचं २५ टक्के पाणी जाईल की ११, हा हिशेब कोणी तपासायचा तर कशावरून? ती आकडेवारी आधी उघड करा, सर्वेक्षणाच्या यंत्रांआधी ती बेगिंग आणि परोंगच्या केबांगसमोर ठेवा, त्यांच्या भाषेत समजावून सांगा, आणि मग धरणाचं बोला. यातल्या कशालाच बीजिंगची परवानगी लागत नाही.